संशोधन झाले, पण ते सांगायचे कुणाला?

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने झाली. देशात पेनिसिलिन तयार करणे हे त्याचे काम. या कारखान्याने १९५८ मध्ये स्वतःचे संशोधन नियतकालिक सुरू केले, ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन’. बुरशीजन्य आजारांवरचे हॅमायसिन हे औषध याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत सापडले आणि त्या शोधाचा निबंध एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये याच बुलेटिनमध्ये प्रसिद्ध केला. औषध बनवणाऱ्या कारखान्याला जर्नल कशाला हवे, असा प्रश्न आज कुणी विचारेल. जे सापडले ते लिहून जगासमोर ठेवल्याशिवाय संशोधन पुरे होत नाही, ही समज त्या काळच्या पिंपरीत होती. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या संशोधक विद्यार्थ्यांच्या लेखन-संवादाचा विचार करताना तिथूनच सुरुवात करणे योग्य वाटते, कारण या गावाची संशोधन-लेखनाशी ओळख नवी नाही.

आज या पट्ट्यात पीएच.डी. करणारे कोण आहेत? एक मोठा गट अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांचा. शिकवण्याचे तास, मूल्यांकनाच्या फायली, प्रवेशाच्या काळातली धावपळ हे सगळे सांभाळून ते रात्री प्रबंध लिहितात. दुसरा गट कंपन्यांतल्या अभियंत्यांचा. ते दिवसभर टेस्टिंग, डिझाइन किंवा क्वालिटीत काम करतात आणि शनिवारी गाईडकडे जातात. तिसरा गट पूर्णवेळ विद्यार्थ्यांचा, तो सर्वांत लहान. दंत, वैद्यकीय शाखांतले विद्यार्थी पिंपरीच्या अभिमत विद्यापीठात आहेत, पण त्यांचे प्रश्न थोडे वेगळे असल्याने इथे मुख्यतः यंत्र, उत्पादन, संगणक आणि व्यवस्थापन या विषयांबद्दलच बोलतो.

या तिन्ही गटांना संशोधन-लेखन आजवर शिकवले कुणी? खरे सांगायचे तर नियमांनी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असणे बंधनकारक झाले. २०१६ च्या नियमांत त्याला परिषदांमधल्या दोन सादरीकरणांची जोड मिळाली. हेतू चांगला होता, विद्यार्थ्याने लवकर लिहिते व्हावे हा. प्रत्यक्षात मागणी तयार झाली आणि मागणी तिथे पुरवठा. पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या, अशी जर्नल्स उगवली. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आयोगाच्या तेव्हाच्या मान्य यादीची चिकित्सा केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नल्सचा जो नमुना त्यांनी तपासला, त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक जर्नल्स हलक्या दर्जाची असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातच जर्नल्स पारखणारा कक्ष उभा राहिला आणि २०१९ मध्ये मान्य जर्नल्सची ‘केअर’ यादी आली. म्हणजे निगडी-आकुर्डीची बहुतेक महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याच विद्यापीठात देशाची ही चाळणी चालत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही बंद केली आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थांवर व संशोधकांवर सोपवली. त्याआधी, २०२२ च्या नियमांत शोधनिबंधाची सक्तीही गेली होती, जरी विद्यापीठे आपापल्या अटी ठेवू शकतात.

या साऱ्या घडामोडींत पंधराएक वर्षे विद्यार्थ्याच्या मनात एकच प्रश्न ठसला: ‘किती पेपर झाले?’ पेपर कुणी वाचला, वाचून कुणाच्या कामात काय बदलले, हा प्रश्न विचारायची सवयच लागली नाही.

वाङ्मयचौर्याचे तसेच झाले. २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास दंड नाही, १० ते ४० टक्क्यांत प्रबंध सुधारून द्यायचा, ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर सादर करायला बंदी आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द. नियम हवाच होता. पण प्रबंध सादर करायच्या आधीच्या आठवड्यात काय चालते, ते कुठल्याही विभागात जाऊन पाहावे. अहवालात रंगलेली वाक्ये एकेक करून काढायची आणि शब्द बदलत बसायचे. ‘तापमान वाढल्याने ताण वाढतो’ याचे ‘उष्णतेच्या पातळीतील वृद्धीमुळे प्रतिबलात वृद्धी संभवते’ करायचे. साम्य उतरते आणि अर्थही धूसर होतो. दुसऱ्याचे म्हणणे समजून घेऊन, त्याचे नाव घेऊन, आपल्या वाक्यात मांडणे हे संशोधकाचे मूलभूत कौशल्य आहे. ते शिकायचे राहून गेले आणि टक्केवारी खाली आणण्याचे कसब मात्र सगळ्यांना आले. डिसेंबर २०१९ मध्ये आयोगाने संशोधन आणि प्रकाशन-नीतीचा ३० तासांचा, दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. तो चांगला आहे, पण त्यात लेखनाचा सराव नाममात्रच. तीस तास व्याख्याने ऐकून कुणी लिहायला शिकत नाही.

आता याच पट्ट्याची दुसरी बाजू पाहू, कारण ती जास्त आशादायक आहे आणि तिच्याकडे महाविद्यालयांनी लक्ष दिलेले नाही. भोसरीच्या किंवा चाकणच्या कुठल्याही पुरवठादार कारखान्यात ग्राहक कंपनीची तक्रार आली की ‘एट-डी’ रिपोर्ट लिहावा लागतो. फोर्ड कंपनीने १९८७ मध्ये आपल्या पुस्तिकेत मांडलेली ही आठ पायऱ्यांची पद्धत आता वाहन उद्योगात सगळीकडे रुळली आहे. तिची दुसरी पायरी समस्येच्या वर्णनाची. काय बिघडले, कुठे, केव्हापासून, किती नगांत, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे कुठे बिघडले नाही. चौथ्या पायरीवर मूळ कारण. ते नुसते लिहून चालत नाही. ते कारण घातले की दोष येतो आणि काढले की जातो, हे दाखवावे लागते. तिसऱ्या पायरीवर ग्राहकाकडे गेलेला माल कसा रोखला ते आणि सातव्या पायरीवर हा दोष पुन्हा कधी येऊ नये म्हणून काय बदलले ते. ग्राहकाकडचा क्वालिटीचा माणूस हा कागद बारकाईने वाचतो आणि पटले नाही तर परत पाठवतो.

समजा, बोअरिंग करताना टूल झिजण्यावर एकाचे संशोधन चालले आहे. तो प्रबंधाचे पहिले प्रकरण असे सुरू करतो: ‘उत्पादन क्षेत्र हा देशाच्या अर्थव्यवस्थेचा कणा असून आजच्या स्पर्धेच्या युगात गुणवत्तेला अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे.’ पुढची दोन पाने याच सुरात. हाच माणूस सोमवारी कामावर एट-डी लिहितो: ‘दुसऱ्या शिफ्टमध्ये, नवा इन्सर्ट बसवल्यावर पहिल्या वीस नगांत बोअरचा व्यास वरच्या मर्यादेबाहेर जातो. एकविसाव्या नगापासून जात नाही. पहिल्या शिफ्टमध्ये हा दोष दिसत नाही.’ या दुसऱ्या मजकुरात संशोधनाचा प्रश्न आपोआप उभा राहतो. नव्या इन्सर्टचे सुरुवातीचे वर्तन आणि शिफ्ट यांचा संबंध काय? थंड यंत्राचा, कूलंटच्या तापमानाचा, ऑपरेटरच्या ऑफसेट देण्याच्या सवयीचा? एकाच माणसाने लिहिलेले दोन मजकूर, पण एट-डीत वाचक समोर आहे आणि प्रबंधात नाही. माझे या विषयातले मुख्य म्हणणे हेच आहे. आपल्या संशोधक विद्यार्थ्याला लिहिता येत नाही असे नाही. कुणासाठी लिहायचे हे त्याला कुणी सांगितलेले नाही, आणि त्याने कामावर कमावलेली शिस्त प्रबंधात वापरायला त्याला परवानगी आहे, हेही कुणी सांगितलेले नाही.

शोधनिबंधाच्या प्रस्तावनेचा जगन्मान्य नमुना भाषातज्ज्ञ जॉन स्वेल्स यांनी १९९० च्या पुस्तकात मांडला. आधी क्षेत्र कोणते आणि ते महत्त्वाचे का, मग आजवरच्या कामात कुठे जागा रिकामी आहे, मग ती जागा मी कशी भरतो आहे. जगभरच्या विद्यापीठांतले लेखन-वर्ग याच तीन हालचालींवर उभे आहेत. आपल्या प्रबंधांत पहिली हालचाल दहा पाने चालते आणि दुसरी एका ओळीत उरकते, ‘या विषयावर फारसे काम झालेले नाही’. एट-डीमधले ‘कुठे बिघडले नाही’ हे लिहिण्याची सवय असलेल्या अभियंत्याला ती दुसरी हालचाल सहज जमायला हवी. कुठे माहिती आहे आणि कुठे संपते, एवढेच तर सांगायचे असते.

नेमक्या शब्दांचे मोल काय असते, याचे एक उदाहरण आकुर्डीचेच आहे. बजाज ऑटोने लहान इंजिनात दोन स्पार्क प्लग वापरण्याच्या तंत्रासाठी २००२ मध्ये पेटंटचा अर्ज केला, २००५ मध्ये पेटंट मिळाले. बजाजच्या पल्सर मोटारसायकलवरचे ‘डीटीएस-आय’ ते हेच. पुढे टीव्हीएसच्या ‘फ्लेम’ मोटारसायकलवरून दोन्ही कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. फेब्रुवारी २००८ मध्ये एकल न्यायाधीशांनी टीव्हीएसला मनाई केली, २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली, आणि सप्टेंबर २००९ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर त्या न्यायालयाने विक्री चालू ठेवून मूळ दावा लवकर निकाली काढायला सांगितले. या सगळ्या लढाईच्या मुळाशी पेटंटच्या दाव्यातली काही वाक्ये होती. सिलिंडरचा व्यास ४५ ते ७० मिलिमीटर, पातळ इंधन-मिश्रण, प्लगची जोडी. झडपा किती, हे त्या वाक्यांतून कसे वाचायचे? समोरच्या इंजिनात तीन झडपा होत्या. वकिलांनी महिनोन्‌महिने ज्यावर युक्तिवाद केला, ती वाक्ये एके काळी कुणा अभियंत्याने आणि पेटंट-लेखकाने टेबलावर बसून लिहिली होती. यंत्र अभियांत्रिकीच्या प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला हे पेटंट आणि ते निकाल वाचायला द्यावेत, असे मला मनापासून वाटते. संशोधन-लेखनावरच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा त्यातून जास्त शिकायला मिळेल. एक शब्द घातला तर दावा अरुंद होतो, काढला तर जुन्या कामावर जाऊन आदळतो, ही जाणीव एकदा झाली की माणूस ‘लक्षणीय सुधारणा आढळली’ असले वाक्य लिहिताना थांबतो.

पेटंटचा विषय निघाला आहे तर या पट्ट्यातली सर्वांत अवघड गाठही सोडवायला हवी. कंपनीत काम करून पीएच.डी. करणाऱ्याकडे माहिती भरपूर असते आणि त्यातली छापण्याजोगी थोडी. शोध आधी छापला आणि मग पेटंटला गेलो, तर नावीन्य गेलेले असते. १९७० च्या पेटंट कायद्याच्या ३१ व्या कलमात विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधासाठी १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती मर्यादित आहे आणि परदेशातल्या अर्जांना तिचा भरवसा धरता येत नाही. त्यामुळे क्रम ठरवूनच चालावे लागते: अर्ज, मग परिषद, मग जर्नल. कंपनीचा आकडा जसाच्या तसा न देता मूळ मूल्याशी गुणोत्तर म्हणून देणे, नगाचे नाव न घेता त्याची भूमिती सांगणे, कच्च्या माहितीऐवजी कल दाखवणे, या गोष्टी शिकण्यासारख्या आहेत आणि शिकवता येतात. पण अनेकांना परवानगीची आठवण प्रबंध पूर्ण झाल्यावर होते. मग कायदा विभागाकडे फाइल जाते, महिने जातात आणि शेवटी एखादे आख्खे प्रकरण काढून टाकावे लागते. नोंदणीच्या वेळीच काय छापता येईल, कुणाच्या सहीने, हे एका पानावर लिहून घ्यावे. उद्योगाने अर्धा भार उचलायच्या पंतप्रधान डॉक्टरल फेलोशिपसारख्या योजनांत कंपनी सुरुवातीपासूनच भागीदार असते, त्यामुळे हे बोलणे तिथे लवकर होऊ शकते.

तोंडी मांडणीची गोष्ट निराळी आहे आणि तिथे आपण बरेच मागे आहोत. दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती सांगायची असते. बहुतेक सादरीकरणांत चाळीस स्लाइड असतात, त्यातल्या पंधरा साहित्याच्या आढाव्याच्या, आणि विद्यार्थी भिंतीकडे तोंड करून त्या वाचतो. स्वतःचे निष्कर्ष यायच्या आत वेळ संपते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये तीन मिनिटे आणि एकच स्लाइड अशी प्रबंध सांगण्याची स्पर्धा सुरू केली आणि ती जगभर पसरली. आपल्याला इतक्या लांब जायची गरज नाही. क्वालिटी सर्कल म्हणजे कामगारांच्या गुणवत्ता-गटांच्या स्पर्धांत याच पट्ट्यातल्या कारखान्यांचे ऑपरेटर मराठीत आपली केस स्टडी मांडतात. पाच-सहा जणांचा गट, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे. पॅरेटो आलेख, माशाच्या काट्याची आकृती, आधीचा आणि नंतरचा आकडा, किती पैसे वाचले. परीक्षक विचारतात, ‘हेच कारण कशावरून?’ आणि दहावी-आयटीआय झालेला मुलगा तक्ता दाखवून उत्तर देतो. पाठांतर असते, थोडे नाट्यही असते, ते मान्य. पण ऐकणाऱ्याला काय कळायला हवे, हे त्या गटाला पक्के ठाऊक असते. देशातली क्वालिटी सर्कलची संघटना १९८२ ची. म्हणजे ही परंपरा चार दशकांची झाली. संशोधक विद्यार्थ्यांनी त्या स्पर्धांना जाऊन मागच्या बाकावर बसावे. त्यात कमीपणा काही नाही.

भाषेबद्दल बोलायलाच हवे. इंग्रजी येत नाही म्हणून लिहिता येत नाही, हे कारण सगळ्यांत आधी पुढे येते. ते पूर्ण खोटे नाही. मराठी माध्यमातून आलेल्या, पदविका करून मग पदवीला आलेल्या मुलांना इंग्रजी वाक्य जुळवताना इतकी शक्ती घालवावी लागते की विचाराला उरत नाही. त्यावरचा माझा उपाय सरळ आहे: पहिला खर्डा मराठीत, किंवा जी आपली भाषा असेल तीत. या पट्ट्यात बिहार, उत्तर प्रदेश, कर्नाटक, तमिळनाडूमधून आलेलेही खूप विद्यार्थी आहेत आणि त्यांनाही हाच न्याय. काय सापडले, कशावरून, आणि त्याने काय फरक पडतो, हे एका पानात आपल्या भाषेत लिहिता आले नाही तर इंग्रजीत ते मुळीच जमणार नाही. निगडीच्या पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात २०२१ पासून संगणक अभियांत्रिकीची पदवी मराठीतून देण्याचा प्रयोग सुरू झाला, तो या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तिथली मुले उद्या संशोधनाकडे वळली तर दोन्ही भाषांत विचार मांडायची सवय घेऊनच येतील. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून विज्ञान मराठीत मांडण्याचे काम करते आहे, आणि १९३४ मध्ये स्थापन झालेल्या मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेने ‘संपदा’सारखे मराठी मासिक चालवले. चाकणच्या संशोधकाने वर्षातून एक लेख अशा ठिकाणी, सामान्य उद्योजकाला कळेल असा लिहिला, तर त्याचा इंग्रजी पेपरही सुधारेल. केंद्राच्या विज्ञान विभागाने २०१८ मध्ये ‘अवसर’ ही लेखनस्पर्धा पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना आपले संशोधन लोकांना सांगता यावे म्हणूनच सुरू केली.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून इंग्रजी सुधारून घेण्याची सोय आता हाताशी आहे. ती वापरावी. पण २०२३ पासून मोठ्या जर्नल्सनी स्पष्ट केले आहे की असे साधन लेखक होऊ शकत नाही आणि मजकुराची जबाबदारी माणसाचीच. धोका वेगळाच आहे. गुळगुळीत इंग्रजी आले की गाईडला वाटते लेखन चांगले झाले, आणि विचारातली फट झाकली जाते. पूर्वी अडखळत्या वाक्यामुळे तरी ती दिसायची.

म्हणून सगळे येऊन ठेपते वाचणाऱ्या माणसावर. परदेशातल्या विद्यापीठांत लेखन-केंद्रे असतात, परड्यू विद्यापीठाची ऑनलाइन लेखन-प्रयोगशाळा तर १९९० च्या दशकापासून कुणालाही फुकट खुली आहे. आपल्याकडे ते काम गाईडनेच करायचे आणि नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. आठ जणांची लेखी पाने दर आठवड्याला वाचणे शिकवण्याच्या वेळापत्रकात बसत नाही. तिथे विद्यार्थ्यांनीच एकमेकांचे वाचायला हवे. एका विभागातले चार-पाच जण, दर शनिवारी प्रत्येकी दोन पाने, आणि वाचणाऱ्याने फक्त एवढेच सांगायचे: इथे मला कळले नाही. व्याकरण नंतर. यासाठी महाविद्यालयाकडे मागायचे काय, तर एक खोली आणि संस्थेच्या मूल्यांकनात या तासांची नोंद.

प्रबंध सादर करण्याआधीचे सादरीकरण नियमानुसार सर्व प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांना खुले असते. ते खुले असते हे कागदावर. त्याला संबंधित उद्योगातली दोन माणसे बोलवावीत: एक डिझाइनचा, एक शॉप फ्लोअरवरचा. चिंचवडचे ऑटो क्लस्टर, चाकणमध्ये शाखा असलेली एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था, भोसरीची केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था, सगळे तासाभराच्या अंतरात आहेत. टूल झिजण्यावर बोलणाऱ्याला चाकणच्या मशीन शॉपमधल्या माणसाने विचारावे, की हे मी सोमवारी वापरू शकतो का, आणि नसेल तर अजून काय मोजायला हवे. त्या उत्तरासाठी प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात दोन पाने राखून ठेवावीत.